रुंद काठाचं पॅकिंग

रिसोडहून येणारी सकाळची एसटी मेडशीला आमच्या शाळेसमोर थांबते, तोवर बहुधा प्रार्थना संपलेली असते. त्या दिवशी गाडी थांबली, माणसं उतरली, पण गाडी सुटायची कंडक्टरची घंटी काही वाजली नाही. कंडक्टर स्वतः खाली उतरला आणि शाळेच्या फाटकाशी येऊन टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होतो. खिडकीतून त्याला पाहिलं आणि खडू खाली ठेवून बाहेर आलो. "मास्तर, तुमचे पुंजादादा गेले," तो म्हणाला. "वहिनीनं सांगून पाठवलं. सकाळी छातीत कळ आली म्हणे. पाणी मागितलं, अन् पाणी येईस्तोवर..."  गाडीतली माणसं खिडक्यांतून आमच्याकडे पाहत होती. मी त्याच्याशी काय बोललो ते आठवत नाही. हेडमास्तरांना सांगून उलट जाणाऱ्या पहिल्या गाडीनं मी रिसोडला निघालो, एवढंच आठवतं.

दुपारी त्याला नेलं. त्रिशरण म्हटलं गेलं. आमच्या वस्तीतली झाडून सगळी माणसं होती, ट्रकवाले होते, एसटीच्या डेपोतले दोघंतिघं होते. परत फिरताना माझ्या मागून चालणारे दोघं हलक्या आवाजात बोलत होते. "मिस्त्री सोन्यासारखा होता गड्या." दुसरा म्हणाला, "होता. पण त्या शेठच्या गाडीत हात पोळला त्याचा. एवढी एक चूक सोडली तर..." वाईट हेतूनं कोणी बोललं नव्हतं. मेलेल्या माणसाबद्दल माणसं अशीच बोलतात, चांगलं सांगून झालं की खरं वाटावं म्हणून एक उणं जोडतात. पण ती चूक त्याची नव्हती. ती माझी होती. हे माहीत असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला आम्ही नुकतंच पोचवून आलो होतो. त्याला जाऊन आता सात आठवडे झाले. हे लिहायला एवढा वेळ लागला, कारण काही गोष्टी लिहिण्याआधी तोंडानं सांगाव्या लागतात. तेही ओघानं येईलच.

पुंजाजी माझा मावसभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. आम्ही मूळचे किन्हीराजाचे. माझे आईवडील लवकर गेले आणि मी मावशीच्या घरी वाढलो. छप्पन साली घरातली मोठी माणसं दीक्षा घेऊन आली तेव्हा दादा बावीस वर्षांचा होता, चौथी शिकून ट्रकवर क्लीनर म्हणून लागलेला. मी बारा वर्षांचा. परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला अंगणात बोलावलं आणि सांगितलं, "हे पाह्य, माहं वय गेलं. आता तू शिकायचं. नापास झाला तरी चालते, पण सोडायचं नाई." नंतरची सगळी वर्षं तो अकोल्याला एका बुजुर्ग उस्तादाच्या हाताखाली मोटारींचं काम शिकला आणि मी त्याच्या कमाईवर शाळा शिकलो. दर महिन्याला तो भेटायला यायचा, तेव्हा आधी राखेनं आणि मग साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचा आणि मगच माझी पुस्तकं उघडायचा. वाचायचा नाही. पानं उलटून बघायचा. एकदा मी म्हटलं, "दादा, डाग पडला तरी काय होते?" तर म्हणाला, "गाडीले डाग पडला तर पुसता येते."

मी मेडशीच्या शाळेत लागलो तोवर दादानं रिसोडला बाजार समितीच्या वाटेवर आपली छपरी उभी केली होती. वर पत्रे, तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, पुढं लाकडी फळ्यांचं दार. आमच्या समाजातल्या माणसाच्या दारी अडत्यांच्या मोटारी येऊन उभ्या राहतात, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आधी ट्रक आले, मग जीपगाड्या, मग एके दिवशी धान्याच्या मोठ्या अडतीचे शेठजी आपली काळी विलायती मोटार घेऊन आले. शेठजी जैन, बोलायला मोजके. मोटार माझ्याच वयाची असावी. तिचं काम इतर कुणाला नीट जमत नव्हतं. दादाला जमलं, आणि मग त्या मोटारीला दुसरा हात लागला नाही.

त्याचा हात कशात होता, हे मला थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. इंजिनाच्या दोन भागांमध्ये जे पातळ अस्तर बसवतात त्याला मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. पाहणाऱ्याला ते पुठ्ठ्याचा तुकडा वाटतं. पण दादा म्हणायचा की गाडी लोखंडावर चालत नाही, पॅकिंगवर चालते. कुठं कोणतं घालायचं याचे त्याचे नेम ठरलेले होते. तेलाच्या जागी बुचाचं चालतं, पाण्याच्या जागी कागदाचं, पण जिथं आगीशी शेजार आहे तिथं तांब्याचा पत्रा मढवलेलंच. सगळ्यात अवघड जागा त्याच्या मते मॅनिफोल्डची. कार्बोरेटरमधून येणारी हवा आणि पेट्रोल इंजिनाच्या चारही खोल्यांत, म्हणजे सिलिंडरांत, वाटून देणारा ओतीव नळ्यांचा जो फाटा असतो, तो म्हणजे मॅनिफोल्ड. "पाण्याची गळती दिसते, तेलाची दिसते," तो सांगायचा. "इथली दिसत नाई. कारण ती बाहीर येतच नाई, आत जाते. कोपऱ्यातून फालतू हवा घुसते अन् इंजिन उपाशी मरते."

म्हणून मॅनिफोल्ड बदलायचा असला की तो घाई करत नसे. आधी पोलादी पट्टी त्याच्या तोंडावर आडवी धरून उजेडाकडे करायचा. पट्टीखालून उजेड दिसला तर तोंड वाकलं आहे. मग ते घासून सपाट करायचं. वाकडेपणा जाड पॅकिंगखाली झाकणाऱ्या मिस्त्र्यांचा त्याला राग होता. त्यानंतर काजळी आणि तेल कालवून दोन्ही तोंडांना बोटानं हलका हात द्यायचा, एक इंजिनाचं, एक मॅनिफोल्डचं, आणि जुन्या वर्तमानपत्राचा कागद दाबून छाप घ्यायचा. कागदावर भोकांच्या काळ्या कडा उमटायच्या. त्या दोन्ही छापांवर पॅकिंग ठेवून बघायचं. पॅकिंगचं भोक आतल्या भोकापेक्षा लहान नको, नाहीतर कड आत लोंबते आणि जळते. आणि भोकाभोवती दोन्हीकडे पुरेसा काठ बसला पाहिजे. "खोक्यावरचं नाव वाचून पॅकिंग बसवणारा मिस्त्री म्हंजे पत्रिका पाहून लगन लावणारा बाप," असं तो म्हणाला की छपरीमागच्या घरात चूल फुंकणारी त्याची बायको, शेवंतावहिनी, तिथूनच म्हणायच्या, "माह्या बापानं तेच केलं ना. पाहून घेतलं असतं तोंड, तर बरं झालं असतं." मग छपरीत बसलेली सगळी गिऱ्हाइकं हसायची. दादाही हसायचा.

छाप घ्यायची ही रीत त्याच्या उस्तादाची. उस्तादांनी म्हातारपणी काम सोडलं तेव्हा आपली हत्यारं दादाला दिली आणि त्यांच्यासोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तकही दिलं. कोणत्या मोटारीला कोणता भाग लागतो त्याची यादी, आकडे आणि चित्रं. दादाला इंग्रजी आकडे कळत, अक्षरं कळत नसत. त्यानं ते पुस्तक धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात बांधून ठेवलं होतं. रविवारी मी रिसोडला गेलो की तो हात धुऊन ते सोडायचा आणि माझ्यापुढं ठेवायचा. मी वाचून मराठीत सांगायचो, वहीत उतरवून द्यायचो. त्या वेळी बाहेर कोणी गिऱ्हाईक असलं तर त्याला थांबवायचा. "जरा बसा भाऊ. आमचे मास्तर वाचून राह्यले." मला संकोच व्हायचा. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. शेठजींच्या मोटारीचा मॅनिफोल्ड तडकला. दादानं अकोल्याहून त्याच जातीच्या, पण थोड्या नंतरच्या मोटारीचा दुसरा मिळवला. पॅकिंगसाठी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली, तर दुकानदारानं दोन पाठवली, जे बसेल ते ठेवा म्हणून. तो रविवार होता. मी पोचलो तेव्हा दोन्ही पॅकिंगं बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवलेली होती. बोल्टांची भोकं दोन्हींची सारखी. पहिलं राखाडी, अरुंद काठाचं. दुसरं तांब्यानं मढवलेलं, खालच्या अंगाला काठ चांगला रुंद. दादानं दुसरं उचललं, नखानं त्याचा काठ चाचपला आणि म्हणाला, "हे बसंन वाटते. छाप घेऊन पाहतो." शेठजींचा ड्रायव्हर दारात उभा होता. शेठजींच्या आईच्या पोटात दोन दिवसांपासून दुखत होतं आणि डॉक्टरांनी अकोल्याला न्यायला सांगितलं होतं. मोटार दुपारपर्यंत हवी होती. पण खरी घाई त्यानं केली नाही. मी केली.

मी पुस्तक उघडलं. मोटारीचं नाव काढलं, सालाची ओळ काढली, पॅकिंगचा नंबर वाचला. तो राखाडी पॅकिंगच्या खोक्यावरच्या नंबराशी तंतोतंत जुळत होता. मी म्हटलं, "दादा, हे नाही. ते राखाडी. पुस्तकात साफ लिहिलं आहे." तो म्हणाला, "हाताले तर हे बराबर वाटते." मास्तर होऊन मला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि चुकलेल्या मुलाला ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात मी त्याला म्हणालो, "छापील आहे दादा. नंबर जुळतो आहे. आता छाप कशाला घ्यायची?" त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग रुंद काठाचं पॅकिंग त्यानं बाकड्यावर ठेवून दिलं. "पुस्तकात आहे म्हनतं, मंग बराबर आहे," असं म्हणून राखाडी उचललं. त्याच्या अख्ख्या आयुष्यात छाप न घेता बसवलेलं ते एकच पॅकिंग असावं.

काम चोख झालं. मधल्या बोल्टापासून बाहेर जात त्यानं सगळे बोल्ट आवळले, इंजिन सुरू केलं, सांध्याभोवती पळीनं तेल सोडून कान लावला. आवाज बदलला नाही, म्हणजे हवा शिरत नव्हती. मोटार गेली. मी पुस्तक मिटण्याआधी सहज तो मजकूर पुन्हा पाहिला. नंबराजवळ एक लहान चांदणीची खूण होती, तळटीप आहे असं सांगणारी. मघाशी ती मला दिसली होती, आणि मी तिला ओलांडून गेलो होतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नंतरच्या बनावटीचा मॅनिफोल्ड बसवायचा असेल तर त्याची तोंडं खालून मोठी असतात, त्याला रुंद काठाचं पॅकिंग वापरावं.

मी ते दादाला वाचून दाखवलं. तो उठला, त्यानं कपडे बदलले आणि रस्त्यावर जाऊन अकोल्याकडे जाणाऱ्या ट्रकला हात केला. रुंद काठाचं पॅकिंग त्याच्या पिशवीत होतं. मोटार त्याला मेडशीच्या पुढं चढावर सापडली, रस्त्याच्या कडेला उभी. भर उन्हात इंजिन तापलं, जिथं ज्वारीच्या दाण्याएवढाच काठ टेकला होता तो कोपरा सुटला आणि हवा शिरायला लागली. शेठजींच्या आईला, त्या आजींना, झाडाखाली सतरंजीवर निजवलं होतं. दीड-दोन तास त्या तिथं कण्हत पडल्या होत्या. दादा पोचायच्या थोडं आधी त्यांना एका एसटीत चढवून पुढं नेलं होतं. त्यानं तिथंच, रस्त्यावर, इंजिन निवेपर्यंत थांबून पॅकिंग बदललं आणि मोटार ड्रायव्हरच्या हवाली केली. आजी वाचल्या. ऑपरेशन झालं, महिन्याभरानं त्या काठी टेकत घरी आल्या. हे आमचं नशीब म्हणायचं, दुसरं काही नाही.

पण शेठजींचे धाकटे भाऊ दुसऱ्या दिवशी अडतीच्या गादीवर, हमाल, मापारी आणि माल घेऊन आलेल्या गावोगावच्या माणसांसमोर मोठ्यानं बोलले, "अशा लोकायच्या हाती गाडी देल्यावर दुसरं काय होईन!" दादा तेव्हा शेठजींची माफी मागायला गेला होता आणि दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं ऐकलं. तरी वर जाऊन तो शेठजींना म्हणाला, "चूक माही आहे. पॅकिंग मी निवडलं." शेठजींनी ते ऐकून घेतलं. मोटार मात्र पुन्हा छपरीकडे आली नाही, आणि हळूहळू इतर अडत्यांच्याही आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी त्याला म्हटलं की मी जाऊन खरं सांगतो. तो कंदिलाची चिमणी घासत होता. मान वर न करता म्हणाला, "नाई सांगायचं."

"का पण?"

"आपल्या वस्तीत दारोदार जाऊन मी काय सांगतो? पोरायले शाळेत घाला. पाहा माहा भाऊ कसा वाचते. आता त्यायलेच सांगू का, का भाऊ वाचण्यात चुकला?"

"पण दादा, तुझं नाव..."

"माहं नाव हाताचं आहे. हात आहे तोवर पुन्हा येईन. तुहं नाव मले पोरायसाठी लागते." मग त्यानं चिमणी उजेडात धरून पाहिली. "अन् एक सांग. पॅकिंग कोणं बसवलं? मीनं ना? छाप कोणं नाई घेतली?"

मी गप्प बसलो. ते गप्प बसणं चार वर्षं चाललं. त्याच्या हाताचं नाव परत आलं, पण ट्रक, जीपगाड्या आणि मळणी यंत्रांपुरतंच. अडतीच्या रस्त्यानं त्याला जाताना मी पाहिलं नाही, लांबचा फेरा घ्यायचा. रविवारी तो पुस्तक तसंच सोडायचा, हात धुवायचा, माझ्यापुढं ठेवायचा. मी तळाची बारीक अक्षरं आधी वाचायचो. तो ते पाहायचा. एकदा, मागच्या पावसाळ्यात, मी पुन्हा विषय काढला, तर म्हणाला, "मास्तर, गाडी केव्हाची पुढं गेली. तुमी तिथंच झाडाखाली कायले बसले?" मला त्या वेळी तो मोठेपणा वाटला. आता वाटतं की तो मला उठवायचा प्रयत्न करत होता, आणि मला बसून राहणंच सोयीचं होतं...

तो गेल्यावर पाचव्या आठवड्यात मी शेवंतावहिनींना विचारायला गेलो. त्या तूर पाखडत होत्या. मी सुरुवात केली, "वहिनी, शेठजींच्या मोटारीचं ते पॅकिंग..." त्यांनी सूप थांबवलं नाही. "माहीत आहे मले. एवढ्याशा घरात तुमी दोघं बोलत होते, मी काय बहिरी आहो?" मी म्हटलं, मला जाऊन सांगायचं आहे. त्यांनी विचारलं, "त्यायनं नको म्हटलं होतं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी सुपातली फोलपटं खाली झटकली. मग त्या म्हणाल्या, "त्यायनं आपला सबद पाळला. संपलं त्यायचं. आता तुमचं तुमी पाहा. मले इचारून माह्या डोक्यावर ठेवू नका." तसं म्हणणं बरोबरच होतं. मी तिथून सरळ अडतीवर गेलो.

शेठजी आतल्या खोलीत होते. आता थकले आहेत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पुस्तक, नंबर, चांदणी, आणि त्याच्या हातातलं पॅकिंग मी खाली ठेवायला लावलं ते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "चार वर्षांनी सांगून राह्यले, मास्तर."

"हो."

"तो जिता होता तवा काहून नाही सांगितलं?"

"त्यानं नको म्हटलं होतं."

"अन् तुम्हाले ते बरं पडलं."

मी मान खाली घातली.  शेठजी म्हणाले, "माह्यावरही आहेच ते. तो माफी मागाले आला तवा पायरीवर उभा होता. माह्या भावानं काय म्हटलं ते त्यानंही ऐकलं अन् मीनंही ऐकलं. मी भावाले चूप नाही केलं." मग ते काठी घेऊन उठले. "इथं आत सांगून भागत नाही, मास्तर. ते बाहेर बोललं गेलं होतं. चला."

बाहेर गादीवर धाकटे शेठ बसले होते. काट्याशी मापारी होता, पोत्यांच्या थप्पीला टेकून सात-आठ हमाल आणि ज्वारी घेऊन आलेली गावोगावची माणसं होती. शेठजी म्हणाले, "मास्तरायले काही सांगायचं आहे. ऐका." मला वर्गाबाहेर बोलायची सवय नाही.  मापाऱ्यानं माप खाली ठेवलं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, यावेळी मोठ्यानं.  पोत्यांजवळच्या एका म्हाताऱ्या हमालानं विचारलं, "म्हंजे पुंजा बराबर होता?"

"हो. त्याचा हात बरोबर पॅकिंगवर गेला होता. मी थांबवला."

"मंग तो काहून नाही बोलला?"

दादा वस्तीत काय सांगत फिरायचा ते मी सांगितलं. म्हाताऱ्यानं पागोट्याच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "माह्या नातवाले त्यानंच शाळेत घातलं." धाकटे शेठ काट्याच्या पारड्याकडे पाहत राहिले. त्यांनी काही म्हणावं अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी नुसती वही पुढं ओढली. पायऱ्या उतरताना मला हलकं वाटेल असं मी समजत होतो. तसंही झालं नाही. एवढं सोपं होतं, मग चार वर्षं का लागली, हाच विचार वहिनींकडे परत येईपर्यंत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी वहिनींकडेच मुक्कामाला होतो. दिवस वर आल्यावर छपरीच्या दिशेनं इंजिनाचा आवाज आला आणि थांबला. वहिनी म्हणाल्या, "कोण आलं पाहा बरं. ते गेले हे अजून काही लोकायले माहीत नाई." आम्ही दोघं गेलो. छपरीच्या बंद दारासमोर शेठजींची काळी मोटार उभी होती, रस्त्यावरून कोणालाही दिसेल अशी, आणि ड्रायव्हर फडक्यानं तिचं बॉनेट पुसत होता. मी विचारलं, "काय बिघडलं?"

"काही नाही मास्तर. शेठजीनं सांगितलं, दिवसभर इथं उभी ठेव. सांजच्याले घेऊन ये."

वहिनी मोटारीकडे पाहत उभ्या राहिल्या. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं. दादा गेल्यापासून ते दार उघडलं नव्हतं. एकेक फळी काढून त्यांनी भिंतीला लावून ठेवली. आतून तेलाचा आणि रॉकेलचा बंद वास बाहेर आला... त्यांनी झाडू घेतला आणि पुढची जागा झाडली. ड्रायव्हरनं मोटार थोडी मागं घेऊन तिचं तोंड नीट छपरीत आणलं, दादा घ्यायला सांगायचा तशी. मी खोक्यावर बसलो. रस्त्यानं बाजाराला जाणारी माणसं चालता चालता थांबत होती, मोटारीकडे आणि उघड्या दाराकडे पाहत होती आणि पुढं जात होती.

दुपारी एक जीप येऊन थांबली. चालवणारा इकडचा नसावा, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. खाली उतरून त्यानं मोटारीला एक फेरी मारली आणि कौतुकानं म्हणाला, "एवढी जुनी विलायती गाडी इथं येते, म्हंजे मिस्त्री चांगला असंन."  त्यानं आत डोकावून पाहिलं, बाकड्यावर ओळीनं लावलेल्या पान्यांकडे पाहिलं, आणि विचारलं, "चांगला आहे ना मिस्त्री?"

वहिनींनी झाडू भिंतीला टेकवला.

"होते बाप्पा," त्या म्हणाल्या. "लय चांगले मिस्त्री होते. बसा. पाणी देतो."